टवके बुजवले नाहीत, झाकले: ‘चिप रिपेअर पॅकेज’मधली फसवणूक

मराठवाड्यात गाडीच्या बोनेटवरचा रंग उडायला फार काही लागत नाही. सोलापूर-धुळे महामार्गावर ताडपत्री न बांधता निघालेला खडीचा हायवा आणि त्याच्या मागे ऐंशीच्या वेगाने तुम्ही, एवढं पुरतं. आपली खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. तिच्या कडा धारदार असतात. एक खडा बसला की दोन-तीन मिलिमीटरचा टवका उडतो, कधीकधी थेट पत्र्यापर्यंत. हे टवके ‘दोन तासांत गायब’ करून देणारं पॅकेज काही डिटेलिंगवाले, म्हणजे गाडीची धुलाई-पॉलिश करणारे, विकतात. बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षकांना ते साडेसात हजारांना पडलं. दुकानाचं नाव इथे देत नाही, पण तिथे काय झालं ते सविस्तर सांगतो.

गाडी करड्या मेटॅलिक रंगाची हॅचबॅक. बोनेटवर अकरा टवके, बंपरवर आणखी काही. काम मे महिन्यात, भर दुपारी, दुकानाच्या पत्र्याच्या शेडमध्ये झालं. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गाडी दाखवली. “सर, आता कुठं दिसायलंय का सांगा की!” खरंच काही दिसत नव्हतं. बिल साध्या लेटरहेडवर, जीएसटी क्रमांक नाही. त्यावर तीन ओळी: चिप फिलिंग, रस्ट ट्रीटमेंट (बोनेट व बंपर), कंपनी फिनिश पॉलिश. सोबत आजीवन गॅरंटीचं कार्ड.

त्यातली मधली ओळ पुन्हा वाचा. आजकालच्या गाड्यांचा बंपर प्लास्टिकचा असतो आणि प्लास्टिकला गंज चढत नाही. बंपरच्या टवक्याला प्लास्टिक प्रायमर लागतं, गंजाचं औषध नाही. बिलात बंपरची ‘रस्ट ट्रीटमेंट’ लावणाऱ्याने बोनेटवरही ती केली नसणार, हे तिथेच कळायला हवं.

तीन-चार वेळा शाम्पूने धुतल्यावर ठिपके पुन्हा उघडे पडले, आता गडद रंगाचे. श्रावणापर्यंत त्यातल्या चारांभोवती तपकिरी कडी आली आणि बोनेटची पुढची कड पांढुरकी दिसायला लागली. जाडी मोजायच्या यंत्राने, म्हणजे गेजने, रंगाची जाडी मोजली तेव्हा छतावर 112 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बोनेटच्या मध्यावर 86 आणि पुढच्या कडेला 61 निघाले.

हे आकडे समजायला रंगाचे थर माहीत हवेत. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया, मग गाडी टाकीत बुडवून चढवलेला गंजरोधक इ-कोट साधारण 20 मायक्रॉनचा, त्यावर रंग धरून ठेवणारा प्रायमर, मग 15 मायक्रॉनच्या आसपास रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर 40 ते 50 मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन, झेरॉक्सच्या कागदाएवढी जाडी. गेज फक्त एकूण जाडी सांगतं, क्लिअर किती उरलाय हे वेगळं सांगत नाही. पण एकाच गाडीच्या छतापेक्षा बोनेट पन्नास मायक्रॉनने पातळ असेल तर त्या कडेला क्लिअर जवळजवळ संपलाय, असंच धरायचं. बोनेटच्या कडा आणि उभारलेल्या रेषांवर घासताना दाब जास्त येतो, म्हणून तिथला क्लिअर आधी जातो.

दोन तासांत काय झालं असणार ते यावरून उलगडतं. टवके न खरवडता, आधीच्या पॉलिशचा मेणचट थर न काढता, नजरेने जुळवलेला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग थेंब-थेंब टाकला. तो वरून सुकल्यासारखा दिसताच वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, मारून सपाट केला. ओरखडे घालवायला लोकरी पॅडचं मशीन आणि रबिंग कंपाऊंड फिरवलं. शेवटी तेल आणि फिलर असलेलं ग्लेझ चोळलं. हे ग्लेझ खड्ड्यात आणि ओरखड्यांत बसतं, चकाकतं आणि धुण्यात निघून जातं. ट्यूबलाइटखाली गाडी दाखवतात ती उगाच नाही.

पैसे देण्याआधी करायची तपासणी सोपी आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, मायक्रोफायबरच्या फडक्यावर टाका आणि काम केलेली जागा हलक्या हाताने पुसा. ग्लेझ असेल तर लपलेलं सगळं बाहेर येतं. फडक्याला गाडीचा रंगच लागला तर आतला थेंब अजून ओला आहे. मग गाडी उन्हात न्या आणि तिरक्या कोनातून पाहा. दुकानदार “सर, पॉलिश उतरेल” म्हणून हात धरत असेल, तर तेच उत्तर समजा.

नीट केलेला टवका जवळून दिसतोच. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे कण असतात. स्प्रेमध्ये ते आडवे बसतात, ब्रशच्या थेंबात कसेही पडतात, त्यामुळे ठिपका एका कोनातून गडद दिसतो. पांढऱ्या पर्लमध्ये तर बेस, त्यावर पर्ल आणि मग क्लिअर असे तीन थर असतात. तिथे ब्रशने हुबेहूब जुळणी करून देतो म्हणणारा एकतर नवखा असतो किंवा थापाड्या. चांगल्या कामाचं माप असं: दोन हातांवरून दिसू नये, बोट फिरवल्यावर खड्डा लागू नये आणि पावसाळ्यानंतर गंज येऊ नये.

यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि तिथेच वेळ जातो. गाडी धुऊन आधी मेण काढायचं. ते राहिलं तर रंग पसरत नाही, गोळा होतो आणि मध्ये डोळा, म्हणजे रंग न धरलेला ठिपका, पडतो. बोअरचं क्षाराचं पाणी टवक्यात वाळू द्यायचं नाही. शेवटचा हात आरओच्या पाण्याने. टवक्याच्या तळाला राखाडी दिसत असेल तर प्रायमर शाबूत आहे, मग फक्त रंग आणि क्लिअर पुरतो. पत्रा किंवा गंज दिसत असेल तर 600 नंबरच्या पेपरची बारीक चकती पेन्सिलच्या खोडरबराला चिकटवायची आणि पत्रा चमकेपर्यंत फक्त खड्ड्यात फिरवायची. उचकटलेल्या रंगाची कडही काढायची, कारण गंज तिच्याखालून पुढे सरकतो. फॉस्फोरिक ॲसिडचं औषध डब्यावर लिहिलेल्या वेळेपुरतं लावून पाण्याने पुसून टाकायचं. ते तसंच राहिलं तर वर इपॉक्सी प्रायमर धरत नाही. प्रायमरचा थर पातळ.

रंग कंपनीने दिलेल्या रंगाच्या कोडवरूनच घ्यायचा. कोडचा स्टिकर बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली असतो. कोड बरोबर असूनही उन्हाने उतरलेल्या जुन्या रंगाशी छटा हलू शकते, म्हणून आधी कार्डावर वाळवून बघायची. मग टूथपिकच्या टोकाने पातळ थेंब, दोन-तीन वेळा, मध्ये पंधरा-वीस मिनिटं. एकाच जाड थेंबात खड्डा भरला तर वर साय धरते, आत थिनर अडकतो आणि तो निघेल तसा रंग आठवडाभर खचत राहतो. त्यावर क्लिअर, आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित उंच. किमान चोवीस तास, हार्डनर नसलेल्या क्लिअरला तर आठवडा द्यायचा आणि मगच छोट्या ब्लॉकवर 2000, नंतर 3000 चा ओला पेपर, तोही फक्त उंचवट्यावर. शेवटी कंपाऊंड हाताने.

हे सकाळी सावलीत, पत्र्यावर तळहात आरामात ठेवता येईल तेव्हाच करायचं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता तापलेल्या बोनेटवर थेंब पडताच वरून सुकतो. उलट पावसाळी दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि रंग पांढरट होतो.

शिक्षक पुन्हा दुकानात गेले तेव्हा गॅरंटी कार्डाच्या मागच्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवलं गेलं: ‘दगड व बाह्य आघाताने झालेले नुकसान वगळून’. टवक्यांच्या कामाची गॅरंटी, त्यात दगड वगळलेला! वर नवा सल्ला: अख्खं बोनेट रंगवू, इन्शुरन्सचा क्लेम टाकू, तुमचा रुपया लागणार नाही.

या रुपयाचा हिशेब करू. समजा बोनेटच्या रंगाचं बिल 5,000. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी जादा पॉलिसी, नसेल तर एकत्रित बिलात मटेरियल 25 टक्के, म्हणजे 1,250 धरतात आणि त्यावर 50 टक्के घसारा, म्हणजे 625 कापले जातात. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट 1,000. हातात 3,375. आता नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, 45 टक्के असेल तर क्लेम न घेता पुढच्या नूतनीकरणाला तो 50 होणार होता, क्लेमनंतर शून्य. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता 9,000 धरला तर एका वर्षातच 4,500 जास्त जातात आणि पुन्हा 50 वर पोहोचायला पाच वर्षं बिनक्लेमची हवीत. शिवाय वर्षानुवर्षांत उडालेले अकरा टवके एका अपघातात घातले, तर त्या खोट्या फॉर्मवर सही गाडीमालकाची असते, दुकानदाराची नाही. शिक्षकांनी ते केलं नाही, हे बरं झालं.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. कच्चं बिल, यूपीआयची नोंद, गॅरंटी कार्ड, कामाआधीचे-नंतरचे तारखेसह फोटो आणि गेजची मापं एकत्र ठेवायची. या प्रकरणात बंपरच्या ‘रस्ट ट्रीटमेंट’ची ओळ दुकानदाराच्याच अक्षरात आहे, तिच्यापेक्षा भक्कम पुरावा मिळणं अवघड.

गाडीचं पुढचं काम तेवढंच जितकं खरं लागतं: गंजलेले चार टवके पत्र्यापर्यंत साफ करून पुन्हा भरायचे. बाकीचे सात तसेच राहिले तरी चालतील, पण त्यांच्या तळाला प्रायमर आहे ना, हे भिंगाने बघून घ्यायचं. पुढच्या कडेला मशीन पुन्हा लावू द्यायचं नाही.