सेफ्टी पिन लावलेला माझा ‘आफ्टर’ फोटो

ताईच्या लग्नाआधी चार महिने मी पुण्यातल्या एका ‘स्किन क्लिनिक’मध्ये २८,००० रुपये भरले. वय तेवीस, पहिल्या नोकरीची साठवलेली रक्कम. गालांवर पिंपल्सचे डाग होते, पण खरं सांगायचं तर ते मला एवढे खुपायला लागले ते फिल्टर लावलेले सेल्फी बघून बघून. फोनमधला चेहरा गुळगुळीत आणि आरशातला खडबडीत. त्यातच इन्स्टावर त्या क्लिनिकचे ‘बिफोर-आफ्टर’ सतत समोर यायचे.

पहिल्या दिवशी पांढरा कोट घातलेल्या मॅडमनी फोटो काढले, एका कागदावर सही घेतली. मी वाचला नाही. सहा सिटिंग पील (रसायन लावून कातडीचा वरचा थर काढणं) आणि रात्री लावायला लेबल नसलेली पांढरी डबी. नाव विचारलं तर म्हणाल्या, “आमचा स्वतःचा फॉर्म्युला आहे.”

पंधरा दिवसांत चेहरा उजळला. आईसुद्धा म्हणाली, फरक पडलाय. मी दोन मैत्रिणींनाही तिथे पाठवलं; त्याची टोचणी अजून आहे. दुसऱ्या महिन्यात उन्हात गेलं की गाल भाजल्यासारखे व्हायचे, हनुवटीवर लव वाढली. डबी संपली आणि चार दिवसांत चेहरा लालबुंद झाला, पुळ्यांनी भरला. क्लिनिकनं सांगितलं, “नवी डबी घ्या, लगेच बसेल.” घेतली, आणि खरंच बसलं. मी अडकले होते ती इथे.

शेवटी आईनं सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गालांवरच्या बारीक लाल शिरा दाखवल्या आणि म्हणाल्या, ही स्टेरॉइडची लक्षणं आहेत. स्टेरॉइडनं रक्तवाहिन्या आकसतात, लाली दबते, म्हणून आधी चेहरा गोरा दिसतो. मग कातडी पातळ होते, आणि क्रीम थांबवलं की सगळं दुपटीनं उसळतं. अशी काही मलमं डॉक्टर देतातही, पण ठरावीक आजारासाठी, मोजक्या आठवड्यांसाठी आणि नाव लिहून. मला सावरायला सात महिने लागले. लग्नाच्या फोटोंत मी पदर गालावर ओढून उभी आहे.

पण खरी फसवणूक नंतर कळली. मैत्रिणीनं क्लिनिकच्या इन्स्टा पानावरचा फोटो पाठवला: मी! बिफोरमध्ये डाग, आफ्टरमध्ये नितळ गाल. पहिल्या दिवशी माझ्या कुर्त्याचं वरचं बटण तुटलं होतं, तिथे मी सेफ्टी पिन लावली होती. ती पिन दोन्ही फोटोंत होती, त्याच तिरक्या कोनात. कपाळावर चिकटलेली बटही तीच. आफ्टरमध्ये डोळ्याखालचा तीळ मात्र गायब होता आणि मागच्या दाराची चौकट गालाजवळ वाकलेली होती. उपचार सुरू व्हायच्या आधीचाच फोटो ॲपमध्ये घासून काढला होता.

तुम्ही कुठे जाणार असाल तर डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा आणि त्वचारोगाची पदवी आहे का ते बघा. डबीवर औषधाचं नाव नसेल तर ती घेऊच नका. जाहिरातीतला फोटो मोठा करून कपडे, केस, कानातले, मागची भिंत जुळवून बघा.

त्या फोटोखाली एका मुलीनं पॅकेजची किंमत विचारली होती. मी तिला पिनेकडे बघायला सांगितलं. अर्ध्या तासात त्यांनी मला ब्लॉक केलं. मैत्रिणीच्या फोनवर तो फोटो अजून दिसतो.