स्प्रिंगमधल्या एअर बॅगा: वर्षभर वापरून काय वाटलं

माझी गाडी मागून फार बसायची. डिकी भरली आणि मागे तिघं बसले की बंपर खाली, नाक वर, आणि रात्री समोरचे सगळे डिपर मारणार कारण आपला लो बीमच त्यांच्या डोळ्यात जातोय. डॅशवरचं हेडलाइट लेव्हलचं चाक फिरवलं की उजेड खाली येतो पण गाडी तशीच बसलेली ना. म्हणून मागच्या कॉइल स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या हवेच्या बॅगा टाकल्या.

चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावून मोजलं. रिकामी 47 सेंमी, भरलेली 41, बॅगेत 20 पीएसआय भरल्यावर 45.5. बास. अजून हवा मारली तर गाडी टणटण उडते, उगाच हौस नको. खड्ड्यात मागून बंपस्टॉपवर (स्प्रिंग पूर्ण दबली की गाडी ज्या रबरावर टेकते तो) धाडकन आदळायची ते बंद झालं आणि हायवेला स्टिअरिंग हलकं लागायचं तेही बरंच कमी झालं. रिकामी चालवताना हवा 5 पर्यंत उतरवतो, पूर्ण काढायची नाही, बॅग स्प्रिंगच्या वेढ्यात चिमटून फाटते.

आता खरी गोष्ट. गाडी बसायची ना, तोच माझा फुकटचा वजनकाटा होता आणि बॅगा टाकून मी तो बंद करून बसलो! एकदा फरशीचे खोके भरत गेलो, भरत गेलो, गाडी बघावी तर एकदम सरळ, म्हटलं चालतंय की. पहिल्याच उतारावर ब्रेक दाबला तेव्हा कळलं काय करून ठेवलंय ते. बॅगेने स्प्रिंगला टेकू मिळतो, पण टायर, ब्रेक, अ‍ॅक्सल सगळं कंपनीने दिलं तेच. कागदावरच्या कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, उरेल त्यात माणसंसुद्धा आली. आणि फुल लोडला टायरमधली हवा वेगळी असते, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर बघा.

सामान कुठे ठेवताय यानेही फार फरक पडतो. समजा दोन अ‍ॅक्सलमध्ये अडीच मीटर अंतर आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पाऊण मीटर मागे 100 किलो ठेवलं, तर मागे 130 किलोचा भार येतो आणि पुढची चाकं 30 किलोने हलकी होतात, तरफच ती. बॅगेत कितीही हवा भरा, हा हिशोब तिथेच राहतो. म्हणून जड खोकं तळाला आणि मागच्या सीटच्या पाठीला चिकटून, हलकं सामान दाराकडे, आणि सीटच्या पाठीपेक्षा उंच काही नको. डिकीच्या फरशीला कड्या असतात त्यात रॅचेटचा पट्टा ओढून बांधा. डिकीत लावायची जाळी असते ती पिशव्यांसाठी आहे, जड वस्तू तिच्या भरवशावर सोडू नका. मागे कोणी बसणार नसेल तर मागचे सीटबेल्ट फुलीसारखे लावून ठेवा, सीटच्या पाठीला आधार मिळतो.

हवा भरायचाच कंटाळा असेल तर आपोआप लेव्हल होणारे शॉकअप असतात, गाडी चालली की रस्त्याच्या हेलकाव्यांवरच ते आत पंप होतात आणि थोडं अंतर गेल्यावर गाडी उचलली जाते, उभ्या उभ्या काही होत नाही. आधीपासून लागून आले असतील तर मस्त, पण मागाहून टाकायला बॅगाच सोप्या.

माझ्याकडून 5 पैकी 4. एक मार्क कापला तो फिटरने दोन्ही बॅगा टी लावून एकाच नळीवर जोडल्या म्हणून. वळणावर दाबलेल्या बॅगेतली हवा दुसरीत पळते आणि गाडी उलट जास्तच झुकते. मी नंतर दोन वेगळे व्हॉल्व्ह करून घेतले. बसवताना तिथेच उभं राहून सांगा, आणि नळी सायलेन्सरपासून लांबून नेलीय का तेही वाकून बघा.