कंपवाताची (पार्किन्सन्सची) पहिली तपासणी : नौपाड्यातील एका क्लिनिकचा अनुभव

वडिलांच्या उजव्या हाताची थरथर आम्ही दीड वर्ष वयावर ढकलली होती. सही जुळत नाही म्हणून बँकेने धनादेश परत केला, तेव्हा कुठे आम्ही ठाण्यात नौपाड्यातील एका न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. तिथले सर्वांत मोलाचे काम म्हणजे चौकशी. एमआरआयचा विषय निघण्याआधी डॉक्टरांनी अर्धा तास केवळ आधी काय सुरू झाले, कोणत्या बाजूला आणि त्यानंतर किती महिन्यांनी दुसरे काय, एवढेच विचारले. चक्करेसाठी सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन घेतले होते का, हेही विचारले, कारण या गोळ्यांनीही कंपवातासारखी लक्षणे येतात आणि त्या थांबवल्यावर ती बहुधा ओसरतात.

मग रक्तदाब आधी आडवे असताना आणि नंतर उभे करून मोजला. त्यानंतर डॉक्टरांनी पाठीमागे उभे राहून, "काका, तोल सांभाळा हं," असे बजावत खांदे झटकन मागे ओढले. बाबा दोन पावलांत सावरले. एका बाजूने आणि हात स्वस्थ ठेवलेला असताना होणाऱ्या कंपाने सुरू झालेला आजार सहसा संथ चालतो, तर चाल व तोल आधी बिघडल्यास तो तुलनेने लवकर वाढतो, असे त्यांनी सांगितले. पहिल्याच वर्षात वारंवार पडणे, उभे राहताच रक्तदाब कोसळणे किंवा लेव्होडोपा या कंपवातावरील मुख्य औषधाचा गुण न येणे, यांपैकी काही आढळले तर पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) किंवा एमएसए (मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी) या कंपवातासारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या, अधिक वेगाने वाढणाऱ्या आजारांची शंका घ्यावी लागते. "हे ठोकताळे आहेत, कुंडली नव्हे," हेही त्यांनीच बजावले.

आई मध्येच म्हणाली की बाबा कितीतरी वर्षे झोपेत ओरडतात, लाथा झाडतात. हे लक्षण असलेल्यांमध्ये पुढे स्मरणशक्ती ढासळण्याचा धोका अधिक असतो, हे डॉक्टरांनी लपवले नाही. कंपामुळे मिळालेला दिलासा त्यामुळे थोडा उणावला, पण मला तो प्रामाणिकपणा आवडला.

तक्रारही आहे. वेळ ठरवूनही पावणेदोन तास बसावे लागले, आणि लिफ्ट अर्ध्या मजल्यावर थांबत असल्याने पुढच्या सहा पायऱ्या कठड्याविना चढाव्या लागतात; तोल जाणाऱ्या रुग्णांच्या क्लिनिकला हे शोभत नाही. पहिल्या भेटीला रुग्णाच्या खोलीत झोपणारी व्यक्ती सोबत न्यावी. मी एकटाच गेलो असतो, तर झोपेतल्या लाथांची गोष्ट डॉक्टरांच्या कागदावर आलीच नसती.