‘टेन फिफ्टी टीआय’च्या खोक्यातून निघालं २०११ सालचं कार्ड

बनावट ग्राफिक्स कार्डात, म्हणजे कॉम्प्युटरचं चित्र पडद्यावर पाठवणाऱ्या भागात, माझे ७,२०० रुपये गेले ते गेलेच. पण टीव्हीला जोडायला घरच्या घरी कॉम्प्युटर जुळवायला निघालेल्या कुणाचे तरी वाचावेत, म्हणून हे लिहितोय.

२०२२ ची दिवाळी तोंडावर आली होती. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ फोटोग्राफरने फोर-के मध्ये पेन ड्राइव्हवर दिला होता. आमचा टीव्हीही फोर-के, पण त्याच्या स्वतःच्या प्लेअरवर ती फाइल अडखळत चालायची. आईला कन्यादान पाहायचं असे आणि नेमकं तिथेच चित्र गोठे. घरात चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचा एक जुना कॉम्प्युटर पडून होता. तो टीव्हीखाली ठेवायचा, त्यावर कोडी नावाचा व्हिडिओ प्लेअर टाकायचा आणि बाबांच्या डीव्हीडींवरची नाटकंही त्यातच भरून ठेवायची, असं ठरवलं.

त्या प्रोसेसरची अडचण मला ठाऊक होती. लग्नाची फाइल दहा बिटच्या एचईव्हीसीत होती, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या एका पद्धतीत. ती हार्डवेअरवर उलगडायची सोय इंटेलने सातव्या पिढीत दिली. चौथ्या पिढीत तो सगळा भार प्रोसेसरच्याच डोक्यावर. म्हणून घरून निघताना चिठ्ठीवर एकाच ग्राफिक्स कार्डाचं नाव लिहून नेलं होतं: जीटी १०३०. हे कार्ड जेमतेम ३० वॉट खातं, पंखा नसलेलं मिळतं आणि एचडीएमआय २.० असल्यामुळे फोर-के चित्र साठ हर्ट्‌झला देतं. बसायच्या खोलीत ठेवायचं यंत्र घरघरत असेल तर काय उपयोग? एवढ्याचसाठी ते निवडलं होतं. निवड बरोबर होती. ती मी दुकानात बदलली, तिथेच घात झाला.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात गेलो. तिथे सचोटीने धंदा करणारी दुकानं भरपूर आहेत, माझा पहिला कॉम्प्युटर तिथलाच. मी ज्या दुकानात शिरलो तिथला माणूस बोलायला फार गोड. म्हणाला, “दादा, टेन-थर्टी कशाला घेता? पाचशे रुपये जास्त टाका, टेन फिफ्टी टीआय देतो. फोर जीबी.” एवढं स्वस्त कसं, असं मी विचारलं. “मायनिंगचा माल आहे. आता मायनिंग बंद झालं ना.”

हे अर्धं खरं होतं. १५ सप्टेंबरला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डं राबवून ते चलन कमावणं, खरोखरच थांबलं होतं आणि वापरलेली कार्डं बाजारात येत होती. ते ऐकून माझी खात्री पटली. पण मायनिंगमध्ये राबलेलं कार्ड सीलबंद खोक्यात कसं, हा प्रश्न मला तिथे पडायला हवा होता. खोक्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं, नुसतं एका मोटारगाडीचं रंगीत चित्र आणि आकडे. “बिल हवं तर अठरा टक्के वर लागतील,” म्हणाला. मी बिल सोडलं. पैसे यूपीआयने दिले ते दुकानाच्या नावावर नाही, कुणा व्यक्तीच्या नावावर गेले. वर कार्डाला वेगळी वीज द्यायची सहा पिनची वायर म्हणून दीडशे रुपये वेगळे घेतले आणि एक सीडी हातात ठेवली. “ड्रायव्हर यातलाच टाका, नेटवरचा टाकू नका.”

घरी कार्ड बसवलं. टीव्हीवर १९२० बाय १०८० च्या पुढे पर्यायच दिसेना. कन्यादानाची फाइल लावली, तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि कार्डाचा पंखा असा भणभणायला लागला की गुरुजींचे मंत्र ऐकू येईनात. आधी वाटलं केबल खराब, मग वाटलं टीव्हीचीच सेटिंग चुकली. दोन रात्री त्यात गेल्या.

तिसऱ्या दिवशी जीपीयू-झेड नावाचा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम चालवला. कार्डाच्या नावाआधी कंसात लिहून आलं: ‘फेक’. २०१८ पासून हा प्रोग्रॅम असली बनावट कार्डं ओळखून तसं स्पष्ट दाखवतो. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर (हिशेब करणारे छोटे भाग) असतात, इथे होते १९२. मग उलट्या बाजूचे स्प्रिंगवाले चार स्क्रू काढले, चिप थंड ठेवणारा हीटसिंक उचलला, वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसली. चिपवर बारीक अक्षरं होती, जीएफ ११६. खरी चिप जीपी १०७ असते. माझ्या हातात २०११ सालचं जीटीएक्स ५५० टीआय होतं. त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डाची ओळख सांगणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, नाव आणि मेमरीचा आकडा बदलून टाकला होता, विंडोजला तेवढंच दिसतं. फोर-के किंवा एचईव्हीसी त्या काळच्या चिपला येतच नाही.

एक खूण तर खोकं उघडल्याबरोबर समोर होती. कार्डाच्या मागे निळं व्हीजीए पोर्ट होतं. ते पाहून मला उलट बरं वाटलं होतं, जुना मॉनिटरही जोडता येईल म्हणून. १०५० टीआय ज्या पिढीतलं आहे त्या पिढीच्या चिपमधून व्हीजीए मुळात निघतच नाही. वीजही ते बहुतेक मॉडेलांत ७५ वॉटपर्यंत मदरबोर्डवरच्या ज्या स्लॉटमध्ये बसतं त्यातूनच घेतं. ज्या वायरचे मी दीडशे मोजले, तिची गरज पडावी इथेच शंका यायला हवी होती.

परत गेलो तर तोच माणूस, तेच हसू. “हे कार्ड आमचं नाहीच. बिल दाखवा.”

बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, हे मला नंतर कळलं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते, आणि आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. मी यातलं काहीच केलं नाही, हे अजून बोचतं. तुमच्या हातात बिल असेल तर नक्की करा. आणि जीपीयू-झेड स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेऊन जा, काउंटरवरच कार्ड लावून दाखवायला सांगा. सरळ दुकानदार नाही म्हणत नाही. दुसऱ्या दुकानात मी तसंच केलं, पक्क्या बिलावर जीटी १०३० घेतलं. तेही जीडीडीआर-फाइव्ह मेमरीचंच बघून, कारण त्याच नावाने डीडीआर-फोरचंही कार्ड विकलं जातं आणि त्याच्या मेमरीचा वेग जेमतेम एक तृतीयांश असतो.

आज सगळं नव्याने जुळवणार असाल तर कार्डाच्या फंदातच पडू नका. बाराव्या पिढीचा आय-थ्री १२१०० हे काम एकटा करतो. फक्त नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं. आणि मदरबोर्डच्या माहितीपत्रकात एचडीएमआयपुढे फोर-के ला ६० हर्ट्‌झ लिहिलंय का तेही वाचा, काही स्वस्त बोर्ड तीसवरच थांबतात.

त्या दिवाळीत आईने कन्यादान दोनदा पाहिलं.

खोटं कार्ड बरेच महिने कपाटात होतं. एका ओळखीच्याने आठशे रुपये देऊ केले, “आहे तसं दे, मी खपवतो” म्हणाला. त्याच संध्याकाळी पक्कड घेतली, कार्डाच्या खालच्या सोनेरी पिनांची पट्टी मोडली आणि मगच ते ई-कचऱ्यात दिलं.