मार्गदर्शक कुत्र्यासह जेवण: पणजीतलं एक फिश-थाळी हॉटेल

जेवणाला चार तारे, दाराला दोन. हुमण (माशाची आमटी) झणझणीत, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) कुरकुरीत. पण ‘पाळीव प्राण्यांना मनाई’ ही पाटी इथे अंध ग्राहकाच्या मार्गदर्शक कुत्र्यालाही लावतात. व्यवस्थापक आला की वाट मोकळी होते. दारावरच्या माणसाला आधीच सांगून ठेवायला काय हरकत आहे?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अशा कुत्र्याचा थेट उल्लेख नाही, खरी गोम तीच. म्हणून बोट ठेवायचं ते भेदभावाला मनाई करणाऱ्या कलम ३ वर. कायद्याच्या भंगाला कलम ८९ नुसार पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. नकार मिळाला तर कारण लेखी मागा, तारीख-वेळ टिपा आणि राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार द्या.

टेबल भिंतीकडचंच घ्या. मधल्या रांगेत वाढप्याचा पाय शेपटीवर पडतो. बसण्याआधी खालची जागा झाडून घ्या, बांगड्याचे काटे कुत्र्याच्या घशात अडकतात. वाढपी प्रेमाने तुकडा टाकतात. हार्नेस (कामाच्या वेळचा अंगपट्टा) अंगावर असताना तो नकोच, कुत्र्याचं कामावरचं लक्ष उडतं. पाणी मिळतं, वाडगा मात्र घरचा न्या.