अकरावी-बारावीचा गणिताचा क्लास, मिरकरवाडा (रत्नागिरी): एका तांडेलाचा, म्हणजे मासेमारी बोट चालवणाऱ्याचा, अनुभव

माझी लेक दहावीनंतर गणित सोडणार होती. तिला मर्चंट नेव्हीत अधिकारी व्हायचंय आणि त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्रीबरोबर गणित लागतंच. पण आधीच्या एका क्लासात तिला सगळ्यांसमोर "तुझं डोकं गणिताचं नाही" असं ऐकवलं होतं. ते तिच्या मनात रुतून बसलं. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून मे महिन्यात तिला इथे दहा दिवस पाठवलं. त्या दहा दिवसांची फी नव्हती.

तिसऱ्या दिवशी सर पोरांना घेऊन जेटीवर आले. मला विचारलं, "तांडेल, भरतीची वेळ कशी काढता?" मी म्हटलं, तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. सर पोरांना म्हणाले, पाऊणच का, ते शोधा. पोरांनी हिशेब मांडला: 15 तिथींत भरती 12 तासांनी सरकते, म्हणजे तिथीमागे 48 मिनिटं. पाऊण तास म्हणजे 45. माझ्या आजाने तोंडी शिकवलेलं गणित तीन मिनिटांच्या फरकाने बरोबर निघालं! मला भरून आलं.

मग खांबावर खुणा करून दर तासाला पाणी मोजलं. रात्रीची मोजणी मी आणि लेकीने होडीत बसून केली. आलेखाच्या कागदावर ठिपके जोडले तर लाट उमटली, अकरावीच्या त्रिकोणमितीतला साइनचा आलेख. पण दिवसाची आणि रात्रीची भरती सारखी चढली नव्हती. असं का, हे लेकीनेच विचारलं. सरांनी दोन वेगळ्या लाटांची बेरीज करून दाखवली. अकरावीच्या फॉर्मवर तिने गणित लिहिलं तेव्हा मी शेजारी नव्हतोसुद्धा.

फी जूनमध्ये भरायची असते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, घरात पैसा कुठला? सरांनी न मागता नारळी पौर्णिमेपर्यंत मुदत दिली.

दोन गोष्टी खटकतात. संध्याकाळची बॅच आठला सुटते, तेव्हा लांबच्या गावांच्या एसट्या गेलेल्या असतात. त्यामुळे दोन हुशार मुली क्लास सोडून गेल्या. आणि कॉमर्सचं गणित इथे शिकवत नाहीत. शेजारच्या मुलाला सीए व्हायचंय, त्याच्या पहिल्या परीक्षेला, फाउंडेशनला, गणिताचा पेपर आहे, तरी शिकवणारं कुणी नाही म्हणून त्याने गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलं. सर, सकाळी सातची एक बॅच काढा. जागा लागली तर आमच्या मच्छीमार सोसायटीची खोली मी मागून देतो.