क्यूब टायमर वापरून बघितला : अकाउंट्सवाल्यांनी घ्यावा का?

मी ठाण्यात वागळे इस्टेटला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायची असतात, त्यामुळे त्या दिवसांत टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एन्ट्र्या चालू असताना मधेच पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाईक किंवा पुरवठादाराचा फोन, मग बँक रेकन्सिलिएशन (आमचा हिशेब बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं), तेवढ्यात कोणाला तरी मागच्या वर्षीचं बिल हवं असतं. काम भरपूर असतं त्याचं काही नाही हो, पण एका कामातून डोकं काढून दुसऱ्यात घालायचं यातच जीव जातो. त्यासाठी हा टायमर घेतला. गोखले रोडवर दोन-तीन दुकानांत विचारला, नव्हता, शेवटी ऑनलाइन मागवला.

छोटा चौकोनी ठोकळा आहे, बाजूंवर ५, १०, २५, ५० असे आकडे. जो आकडा वर कराल तेवढी मिनिटं लगेच सुरू, स्क्रीन वर केली की थांबतो. बटणं दाबत बसायला लागत नाही आणि मुख्य म्हणजे वेळ लावायला मोबाईल हातात घ्यावा लागत नाही, कारण मोबाईल घेतला की व्हॉट्सॲप उघडतंच.

२५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं ब्रेक ही पोमोडोरो पद्धत बऱ्याच जणांना माहीत असेल, फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर घेऊन ती सुरू केली. पण मला खरा फायदा २५ चा नाही, ५ च्या बाजूचा झाला. काम बदलायच्या आधी ५ लावते, कागदावर एकच ओळ लिहिते, "अमुक पार्टीचं मार्चपर्यंत जुळलं, एप्रिलचं एक बिल २बी मध्ये दिसत नाही, फोन करायचा" (२बी म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी), मग ती फाईल आणि तिच्या सगळ्या विंडो बंद, उठून बाटली भरायची, खिडकीतून लांब कुठेतरी बघायचं म्हणजे डोळ्यांनाही बरं, आणि आवाज झाला की दुसरं काम उघडायचं. बस एवढंच.

ती एक ओळ अजिबात सोडू नका. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं की काम बदललं तरी लक्षाचा काही भाग आधीच्याच कामात अडकून राहतो, आणि नंतर २०१८ च्या अभ्यासात असंही दिसलं की कुठे थांबलो आणि परत आल्यावर काय करायचं हे मिनिटभरात लिहून ठेवलं तर पुढच्या कामात लक्ष चांगलं लागतं. मला हे रोज जाणवतं, फोनवर बोलताना मनात ते न जुळणारं बिल घोळत नाही आता.

आता तक्रारी. आवाज फार मोठा आहे, शेजारच्या टेबलवरची ताई पहिल्याच दिवशी दचकली, व्हायब्रेशनवर ठेवलं की ठीक. आणि १५ मिनिटांची बाजू असायला हवी होती, आमच्या कामाला २५ मिनिटं अखंड मिळणं कठीणच, मी बहुतेक वेळा १० च लावते. प्लास्टिक हलकं वाटतं पण अजून काही झालेलं नाही.

ज्यांना दिवसातून चार-पाच वेगवेगळी कामं करावी लागतात त्यांनी नक्की घ्या, फक्त व्हायब्रेशन असलेलाच बघून घ्या. दिवसभर एकच काम असेल तर पैसे घालवू नका. माझ्याकडून पाचपैकी चार.